केमिस्ट्री करून नोकरी लागती का?

एकच प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेला, की त्याची उत्तरं संपतात आणि किस्से उरतात. आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटकडे असे इतके किस्से साठलेत, की नवा माणूस चहाला बसला तर त्याला पहिला कुठला सांगायचा यावरूनच वाद होतो. प्रश्न मात्र तोच. इंदापूर तालुक्यातून, बारामतीकडच्या गावांतून ॲडमिशनला आलेला प्रत्येक बाप तो विचारतो. "केमिस्ट्री करून नोकरी लागती का?"

मी मराठी शिकवतो. मला हा प्रश्न कुणी विचारत नाही. मराठी घेणाऱ्या मुलांच्या बापांनी ती आशा आधीच सोडलेली असते. पण माझी बायको सुनंदा नोकरीची सगळी वर्षं केमिस्ट्रीला होती, त्यामुळे मधल्या सुट्टीतला माझा चहा कायम तिकडेच. गेल्या वर्षी ती गेली. चहा अजून तिकडेच आहे. विभागप्रमुख जगताप सर घंटा झाली की दारात येऊन उभे राहतात आणि मी दिसलो की घड्याळाकडे बघून "आज उशीर" एवढंच म्हणतात.

* * *

सुनंदाकडे त्या प्रश्नाचं उत्तर तयार असायचं. साखर कारखाने, डिस्टिलरी, दूध, औषधं, रंग, खतं, सगळं ती एका दमात सांगायची.

माळेगावचे एक आबा मुलाला घेऊन आले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमी बी हीच केमिस्ट्री शिकला?"

"हो."

"आन् तुमाला लागली नोकरी?"

"लागली ना. म्हणून तर इथे बसलेय."

आबांनी मुलाकडे बघितलं. "म्हंजी एक जागा गेलीच की."

तरी मुलाचं ॲडमिशन त्यांनी केलं. जाता जाता दारातून मागे वळून म्हणाले, "मॅडम, तुमी रिटायर कधी हुणार?"

* * *

चिठ्ठी नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही, हा केमिस्ट्रीवाल्यांचा नियम. लॅबमध्ये तो ठीक आहे. पण ही माणसं तो घरी घेऊन येतात.

आमच्या फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटलीवरसुद्धा सुनंदाची चिठ्ठी असायची. "पाणी". माझी बहीण आली होती तेव्हा हसली. "वहिनी, पाणी आहे हे दिसतंय की."

"ताई, आमच्यात दिसतं ते सगळं पाणी नसतं," सुनंदा म्हणाली. बहिणीने बाटली परत ठेवली आणि चहा मागितला.

ती चिठ्ठी अजून आहे. पाणी मी भरतो.

जगताप सर तर याच्याही पुढचे. अंथुर्ण्याला एका विद्यार्थ्याच्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. वाढणारा पोरगा स्टीलचा जग घेऊन आला. सरांनी पेल्यावर हात धरला. "यात काय आहे?"

पोरगा आमचाच माजी विद्यार्थी निघाला. म्हणाला, "सर, लग्न हाय. प्रॅक्टिकल न्हाय."

* * *

सुनंदा गेल्यावर महिन्याभराने कळंबचे तात्या मला शोधत मराठी विभागात आले. तात्यांची थोरली मुलगी अश्विनी सुनंदाची विद्यार्थिनी. नुकतीच बी.एस्सी. झालेली. तात्यांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "अश्विनीला केमिस्ट्री घ्यायची व्हती तवा मी न्हाय म्हनलं व्हतं. मॅडम म्हनल्या, घेऊ द्या, नोकरीची काळजी माजी."

"मला माहीत आहे, तात्या."

"आता धाकटी, मनीषा, तीबी ह्येच म्हनती हाय. बारावीला हाय. थोरलीचं झाल्याबिगर धाकटीला ह्या लायनीला घालायचं न्हाय, असं घरात ठरलंय. मॅडम असत्या तर त्यास्नीच इचारलं असतं. लागंल का नोकरी?"

"तात्या, मला केमिस्ट्रीतलं काही कळत नाही हो. मी मराठी शिकवतो."

"मग मराठीतच सांगा," तात्या म्हणाले. "व्हय का न्हाय?"

मी "व्हय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? ते गेल्यावर मी थेट जगताप सरांकडे गेलो आणि काय करून बसलो ते सांगितलं. सरांनी चहा पुढे केला. "तुमच्या घरात ही पद्धतच दिसते," म्हणाले.

त्या दिवसापासून अश्विनीच्या नोकरीचा विषय आमच्या चहाचा झाला. बारामतीच्या एमआयडीसीत कुठे जागा निघाली, कुठे नुसतीच निघणार म्हणतात, कुणाचा भाचा कुठे आहे. एका ठिकाणी तिला अनुभव विचारला. दुसऱ्या ठिकाणी मुलगे हवे होते. तिसऱ्या ठिकाणी कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. मी रोज नवं काहीतरी विचारायचो. शेवटी जगताप सर म्हणाले, "सर, एवढ्या चौकशीत तुमचीच बी.एस्सी. झाली असती."

* * *

नोकरी नव्हती, पण काम होतं. गावात केमिस्ट्रीची मुलगी आहे म्हटल्यावर लोक विचारायला यायचे. यातला हा किस्सा अश्विनीने स्वतः सांगितलेला.

तात्यांचे चुलतभाऊ अण्णा. गावच्या दूध संकलन केंद्राचे चेअरमन, शिवाय डाळिंबाची बाग. ते एकदा फवारणीच्या औषधाच्या दोन बाटल्या घेऊन आले. "ही दोनी एका टाकीत चालतील का गं?"

अश्विनीने काचेच्या बरणीत पाणी घेतलं, दोन्हीतलं थोडं थोडं त्यात घातलं आणि बरणी ओट्यावर ठेवली. चहा होईपर्यंत बरणीत दह्यासारख्या गुठळ्या झाल्या होत्या.

"काका, एकत्र करू नका. पंप तुंबेल."

अण्णांनी बरणी उचलून उजेडात धरली, फिरवून बघितली. "नोकरी लागली का तुला?"

"नाही अजून."

"मग बघतो करून," अण्णा म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी अण्णा बांधावर बसून टाचणीने पंपाचा नोझल साफ करत होते. अश्विनी तिकडून चालली होती. अण्णाच मान वर न करता म्हणाले, "नोकरी नसली तरी डिग्री खरी दिसतीय."

* * *

मग एका दूध डेअरीच्या लॅबमधून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. डेअरी मोठी, गावोगावचं दूध घेणारी. मुलाखतीला आणखी काही मुलं-मुली होती, कुणी एम.एस्सी. झालेली. लॅबच्या प्रमुख बाई आतून आल्या आणि त्यांनी टेबलावर एक बाटली ठेवली. आत पाण्यासारखं काहीतरी. बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं.

"हे काय असेल?"

एकाने बाटली हलवून बघितली आणि पाणी म्हणाला. एकीने झाकण काढून वास घेतला, तिला काही ठरवता येईना. एम.एस्सी.वाल्या मुलाने बोटावर थेंब घेऊन चोळला आणि ठामपणे एक लांबलचक नाव सांगितलं.

अश्विनीची पाळी आली. तिने बाटलीला हात लावला नाही. म्हणाली, "मॅडम, पेन आणि चिकटपट्टी मिळेल का?"

मिळाली. तिने चिठ्ठीवर लिहिलं, "काय आहे माहीत नाही. वापरू नये." खाली तारीख घातली. मग हातमोजा मागून घेतला, चिठ्ठी बाटलीवर चिकटवली आणि बाटली खिडकीजवळच्या रिकाम्या फळीवर नेऊन ठेवली.

बाई म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं?"

"सुनंदा मॅडमनी."

बाईंनी पुढच्या उमेदवाराला बोलावलंच नाही. फळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "निवड झाली तुझी. पण आता मी दिवसभर पाणी कुठलं पिऊ?"

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो. तास चालू असताना मी फोन घेत नाही, त्या दिवशी घेतला. तिचं बोलणं ऐकून घेतलं, "बरं झालं" म्हणालो आणि पुढची कविता मुलांनाच वाचायला लावली. मुलं वाचत होती तोवर मी खिडकीशी उभा होतो. खूप दिवस मुठीत काहीतरी धरून ठेवावं आणि ते आता खाली ठेवलं तरी चालेल असं कुणी सांगावं, तसं झालं होतं.

जगताप सरांनी त्या दिवशी "आज उशीर" म्हटलं नाही.

मी तात्यांना फोन केला. मला वाटलं, आता विषय मिटला. तात्या म्हणाले, "पोरीनं सांगितलं मला. चांगलं झालं. पर सर, लागली म्हंजी टिकली न्हवं. काई महिनं तिला तपासून बघणार हायेत म्हनं. पक्कं झाल्याबिगर मी धाकटीचं बोलत न्हाय."

मूठ पुन्हा वळली. पण पहिल्यासारखी घट्ट नाही.

* * *

आता शेवटचा.

मनीषाचा बारावीचा निकाल चांगला लागला. बी.एस्सी.च्या ॲडमिशनची मुदत संपत आली तरी तात्या येईनात. फोन केला तर म्हणायचे, "बघू." मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी जगताप सर म्हणाले, "चला, कळंबला जाऊन येऊ." त्यांच्या मोटारसायकलवर आम्ही निघालो.

तात्यांच्या पडवीत माणसं जमली होती. अण्णा उभे होते, बाकीचे बसलेले. तात्या खांबाला टेकून खाली बघत होते. मनीषा आतल्या दारात. आम्हाला बघून कुणी "या" म्हणालं, कुणी सतरंजी सरकवली, पण बोलणं थांबलं नाही.

"गावाच्या दुधाचा टँकर हाय तात्या," अण्णा म्हणत होते. "आजवर एकदाबी माघारी आला न्हवता. आन् आज तुमच्या पोरीनं लावला माघारी."

जगताप सरांनी हळूच विचारलं, "काय निघालं दुधात?"

"तपासायची पट्टी लावली म्हनं. औषध निघालं," अण्णा म्हणाले. "मी स्वतः फोन केला तिला. म्हनलं, बाय, आपल्या गावाचं दूध हाय, तुज्या बापाचंबी त्यातच हाय. तर म्हनती, काका, पट्टीला गाव कळत न्हाय. म्हनली, उद्या प्रत्येकाचं दूध येगळं तपासून पाठवा."

"बरोबर आहे," जगताप सर म्हणाले. "गाईला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं, की पुढचे काही दिवस ते औषध दुधात उतरतं. ते दूध टँकरमध्ये घालायचं नसतं. एका गाईचं गेलं तरी सगळा टँकर वाया जातो."

"ते समद्यांना ठावं हाय, सर. पर घातलं कुणी?"

बसलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. एक जण म्हणाला, आमच्या गोठ्यात आजारपणच नाही. दुसरा म्हणाला, आमच्यातबी न्हाय. तात्यांची नजर खालीच.

मी तात्यांकडे बघत होतो. आम्ही कशाला आलोय हे त्यांना सांगायची ही वेळ नव्हती, एवढं मराठीच्या मास्तरालाही कळत होतं. उद्या मुदत संपणार. पक्की व्हायच्या आत गावाचा टँकर माघारी लावणारी मुलगी, आणि गाव पडवीत. सुनंदाने दिलेला शब्द आता कुणाच्या हातात राहिला नाही, असं मला वाटलं.

तेवढ्यात आतून, चुलीपासून, तात्यांच्या बायकोचा आवाज आला. सहज विचारावं तसा.

"अवो, आपल्या गौरीची कास सुजली व्हती, तवा परवा डॉक्टरनं सुई टोचली न्हवं का?"

तात्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

अण्णा मटकन खाली बसले. म्हणाले, "घरचं दूध. सख्ख्या बापाचं दूध. तेबी सोडलं न्हाय पोरीनं. आसली कसली नोकरी म्हनायची ही?"

तात्या खांब सोडून सरळ झाले. टोपी काढली, झटकली, घातली.

"पक्की दिसतीय," म्हणाले. मग आतल्या दाराकडे वळले. "मने, तुजी कागदं काढ. सर थांबल्यात."