एटनावरची दुसरी रात्र

माझी भावजय निन्फा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून परक्या लोकांना अख्खी सिसिली फिरवते. स्वतः मात्र ती मार्सालाबाहेर क्वचितच पडलेली, कारण तिला गाडी लागते. पहिल्या वळणाला घाम, दुसऱ्याला उलटी. त्यामुळे गाडी चालवायची ती माझ्या भावाने, गास्पारेने. पाहुण्यांना घेऊन गावोगावच्या वाइन चाखत हिंडायचं तेही त्यानेच. आणि कुठे थांबायचं, काय खायचं, कुणाच्या तळघरात किती वेळ काढायचा, हे सगळं ठरवायचं हिने. पाहुणे जाताना गास्पारेला मिठ्या मारतात. हिचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नसतं.

भांडी पुसायच्या एका फडक्यावर बेटाचा नकाशा छापलेला आहे, तो ती टेबलावर पसरते आणि वाटीभर बदाम घेऊन बसते. एक बदाम म्हणजे एक मुक्काम. पहिला आमच्या मिठागरांपाशी. मग आल्कामोच्या टेकडीवर, तिथल्या पांढऱ्या वाइनसाठी. मग खाली विट्टोरियाच्या लाल मातीत, पुढे नोतोला, गोड वाइनसाठी, आणि शेवटी एटना, ज्वालामुखीचा काळा दगड. गोड वाइन दुपारी जेवणाआधी दिली की संध्याकाळपर्यंत जिभेवर साखर बसते, म्हणून नोतोला पोचायचं ते जेवूनच. नोतोच्या मालकाकडे सकाळी जाऊ नका, सकाळी त्याचं बायकोशी वाजलेलं असतं आणि तो घाईघाईत ओततो. हे सगळं तिला फोनवरून कळलेलं. बेटावरच्या निम्म्या तळघरांना तिचा आवाज पाठ आहे.

भांडण व्हायचं ते एटनावरून. बाकी सगळीकडे एकेक बदाम आणि तिथे दोन. दुसरा बदाम गास्पारे ठेवायचा.

"हा कशाला?"

"डोंगर मोठा आहे, निन्फा."

"डोंगर मोठा म्हणून तिथे दोनदा झोपायचं?"

"पाहुण्यांची मागणी असते."

"पाहुण्यांची, की ड्रायव्हरची?"

एटनाच्या उत्तर उतारावर वेनेरा नावाची एक विधवा राहते. नवरा गेल्यावर द्राक्षमळा तीच सांभाळते आणि वरच्या खोल्या पाहुण्यांना देते. दोन्ही रात्री मुक्काम तिच्याकडे. पाहुणे घरी पोचले की फोटो पाठवायचे. वेनेरा ओततेय, वेनेरा हसतेय, वेनेराने केस वर बांधलेत, आणि प्रत्येक फोटोच्या कडेला आमचा गास्पारे. निन्फा दोन बोटांनी फोटो मोठा करून मला दाखवायची. "बघ, बघ तिची नखं. मातीत राबणाऱ्या बाईची नखं अशी असतात?" मी म्हणायचे, नसतात. खरं सांगायचं तर मलाही ती बाई डोळ्यांत खुपायची. जगाला आता एटना हवं असतं. आमची मार्साला वाइन म्हटली की लोकांना मांसावर ओतायचा रस्सा आठवतो. आमच्या वडिलांनी हे ऐकलं असतं तर त्यांनी जेवण सोडलं असतं.

वडिलांवरून आमच्या घरच्या पिंपाची गोष्ट सांगायलाच हवी. मागच्या शेडमध्ये आजोबांच्याही आधीपासूनचं एक पिंप आहे. ते कधी रिकामं करायचं नाही. दर सेंट मार्टिनच्या सणाला, नोव्हेंबरात, त्यातली थोडी वाइन काढायची आणि तेवढीच नवी भरायची. म्हणजे प्रत्येक घोटात जुन्या माणसांच्या हातचं थोडंफार येतंच. घरची मुलगी लग्न होऊन निघाली की तिला त्यातली वेताने विणलेली मोठी बाटली भरून द्यायची. विरजण लावावं तसं त्यावर ती आपलं पिंप सुरू करते. आम्ही त्या बाटलीला 'आई' म्हणतो. पुढे दर सेंट मार्टिनला मुलीची आई तिच्या घरी जाते आणि पिंपाची चव घेते. लेकीशिवाय ती बाटली कुणाला मिळत नाही. मोठा पाद्री मागायला आला होता, वडिलांनी त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे माझी बाटली पिंपातच राहिली. त्याबद्दल मी कधी बोलत नाही. पण मला ती हवी होती.

गेल्या नोव्हेंबरात पिंप भरायला घेतलं तर ते भरेचना. निन्फा कॅन ओततेय, ओततेय, आणि आतून अजून पोकळ आवाज.

"एवढं कसं कमी झालं?" तिने विचारलं.

"उन्हाळा कडक होता," गास्पारे म्हणाला. "उडाली."

"उडाली? पंख फुटले तिला?"

गास्पारे नळी धुवायला निघून गेला. निन्फाने माझ्याकडे पाहिलं. दोघींच्याही मनात एकच नाव आलं, वेनेरा.

तो हिवाळा तिने धुमसत काढला. घरात सगळं नेहमीसारखं चालू होतं, फक्त ती गास्पारेच्या शर्टांचा वास घेऊनच ते धुवायला टाकायची. मला म्हणाली, "त्याने उघड भांडण केलं असतं तर मला कळलं असतं काय करायचं. हे असं काही कळत नसलं की माणूस आतून करपतो गं. तो माझा आहे की नाही, एवढंच मला पाहायचंय. स्वतःच्या डोळ्यांनी." एप्रिलमध्ये डेन्मार्कचे सहा दंतवैद्य येणार होते. तिने नेहमीसारखे बदाम मांडले. एटनावर दुसरा बदाम तिने स्वतःच ठेवला. गास्पारेने चमकून पाहिलं.

"या खेपेला मी येतेय, जाकोमाही," ती म्हणाली.

"तू? अगं, ट्रापानीच्या वळणालाच ओकशील."

"ओकेन. पिशव्या घेतल्यात."

"आणि जाकोमा कशाला?"

"पिशव्या धरायला," मी म्हटलं.

आणि ओकली ती. आल्कामोच्या आधी दोनदा. पुढे नाकाशी लिंबू धरून, डोळे मिटून बसली. दंतवैद्यांपैकी एका पोक्त बाईने तिला आल्याच्या वड्या दिल्या. गास्पारे आरशातून बघून "सांगितलं होतं" म्हणायचा, आणि मी त्याला गाडी नीट चालव म्हणायचे. पण गाडी थांबली की निन्फा निराळीच. आल्कामोच्या म्हाताऱ्याने तिचा आवाज ऐकला आणि हातातली बाटली खाली ठेवून धावत आला. "मला वाटलं होतं तुम्ही जाड असाल," तो म्हणाला. विट्टोरियाला तिने लाल मातीचं ढेकूळ उचलून हुंगलं आणि तिथेच बांधावर बसून राहिली.

"इथे मी लोकांना पाऊण तास द्यायचे," ती म्हणाली. "पाऊण तास! आणि हा माणूस वर्षानुवर्षं हे बघतोय, घरी येऊन म्हणतो, रस्त्यात ट्रक फार होते."

मला वाटतं, त्या दिवशी तिला त्या बाईपेक्षाही नवऱ्याचाच जास्त हेवा वाटला.

एटनाला पोचलो तेव्हा डोंगराच्या माथ्यावर बर्फ होतं. वेनेरा दारात उभी होती. फोटोंनी आमची फसवणूकच केली होती. ती त्याहून देखणी होती. उंच, हसरी, आणि नखांखाली खरोखरच काळी माती. तिने निन्फाला आग्रहाने चुलीजवळची खुर्ची दिली, उलट्यांवर तमालपत्र उकळलेलं पाणी दिलं. तिच्यात खोट काढावी असं काही सापडेना, आणि त्यामुळे माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. जेवायला बडीशेप घातलेले सॉसेज होते, पिस्त्याचं चीज होतं. ती टेबलाभोवती फिरत लाल वाइन ओतत होती. सगळ्यांना विचारून ओतायची, गास्पारेला न विचारता. त्याला किती लागते ते तिला माहीत होतं.

जेवण संपलं तशी तिने छोटे प्याले काढले. "ही मी सगळ्यांना देत नाही," ती म्हणाली.

प्याला नाकाशी नेला आणि मी तशीच थांबले. सुकलेली संत्र्याची साल, अक्रोड, आणि त्यामागे आमच्या शेडमध्ये भिंतीतून येतो तो मिठागरांचा खारट वास. मी त्या वासात वाढलेय. ही माझी बाटली होती. ही मला द्यायची होती. मी प्याला न पिताच खाली ठेवला. निन्फाने मात्र पूर्ण घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. गास्पारे पावाच्या तुकड्याकडे बघत होता.

"ही पण डोंगरावरचीच का?" दंतवैद्य बाईने विचारलं.

"कोपऱ्यात माझं छोटं पिंप आहे," वेनेरा म्हणाली. "एका मित्राने मला सुरू करून दिलं."

निन्फा उठली. आता ताटं उडणार म्हणून मी चीजचं ताट माझ्याकडे ओढलं. ती टेबलाला वळसा घालून वेनेरापाशी गेली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि दोन्ही गालांचे खणखणीत मुके घेतले.

"अभिनंदन, पोरी!" ती म्हणाली. "आमच्या घरची आई आम्ही फक्त लेकीला देतो. गास्पारेने तुला दिली म्हणजे तू आमची लेक झालीस. बघा, मला बोललासुद्धा नाही हा. बाप माणूस, लाजला असेल."

वेनेरा तिच्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी लहान असेल. दंतवैद्यांना काहीतरी शुभ घडलं एवढं कळलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता रीत अशी आहे," निन्फा गोड आवाजात म्हणाली, "की सेंट मार्टिनला आई येते आणि लेकीच्या पिंपाची चव घेते. दरवर्षी. उलट्या झाल्या तरी येते. बापाने यायची गरज नसते."

वेनेराने एकदा गास्पारेकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली होती, हे मला दिसलं. तो पावाचा चुरा गोळा करत होता. मग ती कानापर्यंत लाल झाली, वाकली आणि निन्फाच्या हाताचं चुंबन घेतलं.

"या, आई," ती म्हणाली.

मार्सालाच्या बाजारात महिनाभर दुसरा विषय नव्हता. खाटिक निन्फाला विचारायचा, "लेक काय म्हणतेय?" गास्पारे कोपऱ्यावरच्या छोट्या कॉफीच्या दुकानात शिरला की सगळे उठून "या, बाबा" म्हणायचे. मीही ही गोष्ट चारचौघींत तिखटमीठ लावून सांगितली. भावजयीने डोंगर जिंकला म्हणून सांगितली.

जूनमध्ये स्वित्झर्लंडहून पुढचा गट येणार होता. निन्फाने टेबलावर मुक्काम मांडले. मी शेजारी वालाच्या शेंगा सोलत होते. गास्पारे गाडीच्या किल्ल्या शोधत आत आला.

"एटनावर एकच रात्र ठेवलीय," ती मान वर न करता म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. किल्ल्या उचलल्या आणि गेला.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "बघितलंस? शेपूट घातलं!"

निन्फा हसली नाही. तिने हात मांडीवर ठेवले आणि गाडी सुरू होऊन गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ऐकत राहिली.

"भांडायचं होतं गं त्याने," ती म्हणाली. "टोमॅटो कच्चे निघाले तर तासभर भांडणारा माणूस. पाहुण्यांची मागणी आहे, दोन रात्री लागतातच, एवढं तरी म्हणायचं. मी ओरडले असते, तो ओरडला असता, आणि मी दुसरी रात्र त्याला परत दिली असती. त्याने मागितलीच नाही. म्हणजे ती पाहुण्यांसाठी कधी नव्हतीच ना, जाकोमा?"