तेल पाजलेला पट्टा

माझ्या दाजींचा पट्टा मी तोडला, त्याचा आवाज म्हैसूरपर्यंत गेला असणार. बंगळूरच्या बस स्टँडावरची त्या दिवशी उडालेली कबुतरं अजून खाली उतरलेली नाहीत, असं सांगतात. सांगणारा मीच आहे, पण म्हणून काय झालं?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून तरुणपणी बंगळुरात आले आणि मल्लेश्वरममध्येच मुरले. आता निवृत्त आहेत. मी कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर जन्म काढला. त्यामुळं माझ्या बोलण्यातही माल थोडा जास्त भरतो. वाचणाऱ्यानं आपापल्या अंदाजानं पाचटाचं वजन वजा करून घ्यावं.

तर मी आठ दिवसांसाठी आक्काकडे निघालो. बॅगेत गुळाच्या दोन ढेपा, कांदा-लसूण चटणीचा डबा, घाण्याच्या शेंगतेलाची बाटली आणि उरलेल्या जागेत एक सदरा. सकाळी बसमधून उतरलो, दाजी न्यायला आले होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बॅगेची चेन फाटली. एक ढेप घरंगळत निघाली ती तीन फलाट ओलांडून तुमकूरच्या बसला लागलेल्या रांगेत जाऊन उभी राहिली. चटणीच्या डब्याचं झाकण जरासं सरकलं तर सात ड्रायव्हर एका सुरात शिंकले.

"दाजी, पट्टा द्या."

"कशाला?"

"बॅगेला आवळतो. घरी पोचल्यावर लगेच परत."

दाजींनी पट्ट्याकडे हात नेला आणि तसाच ठेवला. तो पट्टा त्यांनी पहिल्या पगारात घेतलेला होता. आक्काच्याही आधी त्या घरात आलेला. पोट वाढेल तशी त्याला भोकं वाढवलेली, पितळी बकल घासून घासून आरशासारखं झालेलं. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? दिला काढून. मी बॅगेवर पाय ठेवला आणि उसाच्या ट्रॉलीला दोर ओढावा तसा ओढला. तटकन!

दाजींनी दोन्ही तुकडे उचलून नीट घडी घातली, खिशात ठेवले आणि म्हणाले, "चला पाहुणे."

दाजी मला जन्मभर "अरे", "गाढवा", फार झालं तर "ए काटेवाल्या" म्हणत आलेत. "पाहुणे" म्हणजे नातं सोडून उंबऱ्याबाहेर उभं करणं. मेट्रोत ते एका हातानं वरची कडी आणि दुसऱ्या हातानं पँट धरून उभे होते, प्रवासाचं टोकन दातात. मी हात पुढं केला, तर मान फिरवली.

पुढचे चार दिवस दाजी माझ्याशी आक्कामार्फत बोलले. समोरासमोर जेवायला बसायचो आणि ते म्हणायचे, "पाहुण्यांना विचार, भात वाढू का." आक्का विचारायची, मी तिला सांगायचो, ती त्यांना सांगायची, तोवर भात गार. आक्का भाजीला गेली की ते कुंडीतल्या तुळशीशी बोलायचे. "त्यांना म्हणावं चहा झालाय." तुळस बिचारी कानडी मुलखातली, पण निरोप चुकवायची नाही.

चौथ्या दिवशी आक्कानं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"हे बघ, तू सोमवारी जाणार. असाच गेलास तर हे काही भाऊबीजेला मला कोल्हापूरला घेऊन येत नाहीत. मी ओळखते ह्यांना. आणि मी एकटी आले तर चार बायका विचारतील, यजमान कुठं? काय सांगू? पट्टा तुटला म्हणून?"

"मी नवीन आणून देतो की."

"विकतचा त्यांना नको. त्यांच्या मनात काय बसलंय, मला तरी कुठं समजतंय! पण रविवारी मराठी मंडळात त्यांचा सत्कार आहे, इतकी वर्षं गणपतीची रोषणाई केली म्हणून. त्याच्या आत बोलायला लाव."

हे सगळं जिन्यात उभी राहून ऐकत होती ती वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी, पुण्याहून आयटीत आलेली पोरगी. ती म्हणाली, "काका, विकत कशाला? बनवा ना! मी उद्यापासून राजाजीनगरला लेदरचा क्लास करतेय. तीन संध्याकाळी, टोटली हँड्स-ऑन. तुम्ही कोल्हापूरचे, तुमच्या तर ब्लडमध्येच असेल."

आता खरं सांगायचं तर कोल्हापुरी चप्पल ज्यांच्या हातात आहे ते कारागीर वेगळे. त्यांची अख्खी हयात त्यात जाते. आम्ही बाकीचे फक्त पाय घालतो आणि गावाबाहेर पडलो की जणू आम्हीच शिवली अशा थाटात चालतो. मीही तेच केलं. "चल," म्हणालो. "त्या मास्तरला दोन गोष्टी शिकवून येऊ."

क्लास एका हार्डवेअरच्या दुकानावर होता. शिकवणारे सत्तरीचे, चष्म्याला दोरी बांधलेले गृहस्थ. सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणत, म्हणजे मास्तरच. पोरीनं माझं गाव सांगितलं आणि मेष्ट्रुंनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग खाली वाकून, चष्मा कपाळावर नेऊन, चपलेची शिवण बोटानं चाचपली.

"अण्णा, कोल्हापुर? ये किसने बनाया?"

मी नुसता हसलो. त्या हसण्याचा अर्थ कुणीही काहीही घ्यावा. मेष्ट्रुंनी घेतला. मला खिडकीजवळची जागा दिली, सगळ्यांच्या आधी चहा दिला आणि पट्ट्यासाठी कातड्याचा असा तुकडा काढला की त्यावर हात फिरवताना मलाच लाज वाटली.

पहिल्या दिवशी कापायला शिकवलं. रापी, म्हणजे कातडं कापायची पसरट सुरी, आपल्या अंगाकडे ओढायची नाही, बाहेर ढकलायची. माझा पहिला पट्टा कृष्णेच्या पात्रासारखा वळणं घेत गेला. मेष्ट्रु आदरानं म्हणाले, "ये कोल्हापुर स्टाइल है?" मी म्हटलं, "जुनी." दुसऱ्या दिवशी शिवण. मेण लावलेला दोरा, दोन सुया, एकाच भोकातून एक इकडून, एक तिकडून. मी इतका तल्लीन झालो की सदऱ्याची बाही पट्ट्याला शिवून टाकली. मेष्ट्रु सोडवायला आले तर त्यांची चष्म्याची दोरीही आत घेतली. अर्धा तास आम्ही दोघं एकमेकांना बांधलेले, नाकाला नाक लावून, आणि ती पोरगी हसून हसून टेबलाखाली.

सरावाची शिवण उसवली, खरा पट्टा नीट कापून झाला. वरचा पदर आणि आतलं अस्तर असे दोन तुकडे मी घरी न्यायला मागितले, आक्काला दाखवायला.

"सरी," म्हणजे बरं, मेष्ट्रु म्हणाले. "मगर सूखा रखना, अण्णा. पानी नहीं, कुछ नहीं. कल चिपकाएँगे, सिलाई करेंगे."

"काका, ड्राय ठेवा म्हणतायत," पोरीनं जिना उतरताना परत बजावलं.

आता इथं माझ्यातला कोल्हापूरकर जागा झाला. आमच्यात नवं पायताण कुणी तसंच घालत नाही. आधी त्याला तेल पाजायचं. चांगलं बुडवून ठेवायचं, मुरू द्यायचं, मग ते लोण्यासारखं होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. माझ्या आजोबांच्या चपला इतक्या तेल प्यालेल्या होत्या की दिवाळीत वात लावली असती तर तुळशीच्या लग्नापर्यंत जळल्या असत्या. आणि हे मेष्ट्रु म्हणतात कोरडं ठेवा! दाजींच्या कमरेला कोरडं, करकरीत कातडं? माझ्या बहिणीच्या भाऊबीजेचा प्रश्न असताना?

मी आक्काची परात घेतली, पट्टे त्यात वेटोळे घालून ठेवले आणि घाण्याच्या शेंगतेलाची बाटली वर उपडी केली.

सकाळी आक्का आली. "अगं बाई, हे काय? चकल्या?"

"पट्टा आहे. पितोय."

"किती पिणार?"

"बास म्हणेपर्यंत."

तो शेवटपर्यंत बास म्हणाला नाही. सगळी परात रिकामी केली.

तिसऱ्या संध्याकाळी मेष्ट्रुंनी दोन्ही पदरांना सरस लावला आणि दाबून धरले. सोडले तर दोन पदर भांडलेल्या जावांसारखे अलग. परत लावला, वर लोखंडी ठोकळा ठेवला. ठोकळा घसरगुंडीवरून घसरावा तसा जमिनीवर. मेष्ट्रुंनी पट्टा नाकाशी नेला.

"येन इदु?" हे काय आहे, असं त्यांनी कानडीत विचारलं. मग परत हुंगलं आणि त्यांचा चेहरा पडला. "कडलेकाई येण्णे?"

शेंगदाण्याचं तेल. नाक काय तल्लख माणसाचं! मी मान खाली घातली.

"अण्णा," ते हळूच स्टुलावर बसले. "चप्पल बनने के बाद पीता है. ये तो बनने के पहले पी गया. ये बेल्ट नहीं है. ये बोंडा है."

"मेष्ट्रु, मी चप्पल बनवत नाही," मी मराठीतच बोललो. "मी ऊस मोजायचो."

पोरीनं भाषांतर केलं. मला वाटलं, आता खिडकीतून खाली, खिळ्यांच्या पोत्यावर. पण ते म्हणाले, "किसके लिए है?" मी सगळं सांगितलं, पट्टा, पाहुणे, तुळस, भाऊबीज. मेष्ट्रु उठले, सरस बाजूला ठेवला आणि नुसत्या शिवणीवर दोन पदर जोडायला बसले. एक सुई त्यांची, एक माझी. शेवटी दाजींच्या तुटलेल्या पट्ट्याचं पितळी बकल, आक्कानं हळूच काढून दिलेलं, मी त्यावर चढवलं.

"दिखने को ठीक है," मेष्ट्रु म्हणाले. "मगर खिंचेगा. पहनने मत देना."

पण पट्टा दिसत होता काय! तेलानं असा चमकत होता की रिक्षावाल्यानं आरशात पाहून डोळ्यांवर हात धरला. घरी दाजींसमोर ठेवला. त्यांनी बकल ओळखलं. त्यावरून अंगठा फिरवला. शिवण मोजली, इंजिनिअर ना. मग आक्काला म्हणाले, "त्यांना सांग, उद्या घालतो."

आता ह्या माणसाला 'घालू नका' कुठल्या तोंडानं सांगू? आठवड्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झालेला. मी गप्प बसलो. माझी खरी चूक ती. तेल त्याच्या आधीचं.

रविवारी सकाळी पट्टा तिसऱ्या भोकात घट्ट बसला. मंडळाच्या हॉलपर्यंत चालत जाताना दाजी एकदा थांबले, चौथं भोक. नारळ फोडला जाईतो पाचवं. अध्यक्षांचं प्रास्ताविक इतकं लांबलं की सहावं आणि सातवं त्यातच गेलं. आठवं भोक नव्हतं. वर एक मंद, खमंग वास, मागच्या रांगेतला एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "आज जेवणात भजी दिसतायत."

मग दाजींना स्टेजवर बोलावलं. अंगावर शाल पडली. एका हातात श्रीफळ, दुसऱ्या हातात मानपत्राची काच लावलेली चौकट, काखेत पुष्पगुच्छ. मराठी माणसाचा सत्कार म्हणजे त्याचे दोन्ही हात कायमचे अडकवण्याची सोय असते. समोर माइक. दाजी बोलायला लागले, "आज मला भरून..." आणि थांबले. सगळा हॉल म्हणाला, गहिवरले.

मी पहिल्या रांगेत होतो. मला दिसत होतं. पितळी बकल हळूहळू, लिफ्टसारखं, खाली निघालं होतं.

दाजींनी श्रीफळाकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि माइकवरून, थेट, मध्ये आक्का नाही की तुळस नाही, सगळ्या मल्लेश्वरमला ऐकू जाईल असे ओरडले,

"अरे गाढवा, बघतोस काय! धर मागनं!"

मी तीन पायऱ्या एका उडीत चढलो. तीस म्हणणार होतो, पण ह्या ठिकाणी खोटं बोलायचं नाही. मागून दोन्ही हातांनी कव घातली आणि पँट होती तिथं धरली. लोकांना वाटलं मेहुण्याला आवरेना. हॉल उठून उभा राहिला, टाळ्या थांबेनात, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तो फोटो मंडळात अजून लावलेला आहे.

दाजींनी त्याच अवस्थेत भाषण पुरं केलं. माझ्या कवेत.

घरी जाताना रिक्षात मी पँट धरूनच बसलो होतो आणि दाजी बोलत होते. आठवड्याचं साठलेलं सगळं. गाढव, अक्कलशून्य, उसाचं चिपाड. तेल पाजतो म्हणे, पट्टा आहे का पैलवान आहे? आक्का बाहेर बघत पदरात हसत होती. मी कधी इतक्या सुखानं शिव्या खाल्ल्या नव्हत्या.

घरी येऊन त्यांनी टेप घेतली आणि पट्टा मोजला. साडेचार इंच वाढला होता. माझ्या काट्यावर दोन फूट भरतील. मग बकल काढून पुसलं, खिशात ठेवलं आणि म्हणाले, "उद्याची बस रद्द कर."

"का?"

"त्या मेष्ट्रुकडे मला घेऊन चल. शिवण एक नंबर आहे, कुणाची ते मला कळतंय, तुझी नव्हे. आणि भाऊबीजेला आलो की तुमच्या तिथल्या खऱ्या कारागिराकडे न्यायचं, समजलं?"

"होय दाजी."

"आणि ती तेलाची बाटली?"

"संपली. पट्ट्यानं प्याली."

दाजींनी पट्टा उचलला, नाकाशी नेला, आणि आक्काला हाक मारून सांगितलं, "अगं, ह्याला भूक लागली असेल. दोन कांदे चिर, भजी तळ. तेल कमी पडलं तर हा पिळून घे."