खंडेनवमीचा मेन स्विच

खंडेनवमी आली की लोक हत्यारांना हळदकुंकू लावतात. मला मात्र आमच्या शेठचा मेन स्विचवरचा हात आठवतो आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी कॉम्प्युटरवर सुट्या भागांची ड्रॉइंग काढायची. पाथर्डीकडच्या आमच्या गावातून नोकरीसाठी बाहेर पडलेली मी पहिली मुलगी. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, अट घातली होती: शेठनं दिवाळीपर्यंत कायम केलं तर नोकरी, नाहीतर लग्न.

कॉम्प्युटर कसला, नाव मोठं लक्षण खोटं. मेमरी एवढीशी, की ड्रॉइंगचा प्रोग्रॅम चालवायचा तर बाकीचं बाहेर काढून जागा करावी लागे. डिस्कवर लिहायला तर तो जीव खायचा. मग पुण्याच्या एका इंजिनिअरनं जादा मेमरी टाकून तिच्यात डिस्क कॅश नावाचा प्रोग्रॅम बसवला. मशीन पळायला लागलं. ते का पळतं, हे सांगायची तसदी त्या शहाण्यानं घेतली नाही.

त्या खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे कामगारांची घरची माणसं पूजेला आली होती. आण्णा नवं धोतर नेसून आले होते. ज्या गिऱ्हाइकासाठी मी मोठं ड्रॉइंग करत होते, तेही आले होते. पूजेआधी सगळी यंत्रं बंद करायची आणि मेन स्विच शेठनं स्वतःच्या हातानं खाली ओढायचा, ही तिथली पद्धत.

"आटपा बाई, मुहूर्त चालला!" शेठ ओरडले.

मी ड्रॉइंग सेव्ह केलं. पडद्यावर काम झाल्याचं दिसलं. मी म्हणाले, "झालं." त्याच क्षणी त्यांनी स्विच ओढला.

आरती झाल्यावर गिऱ्हाइकाला दाखवायला मशीन पुन्हा लावलं. फाइलचं नाव होतं, आत काही नव्हतं. आधीचं कामही त्या अर्धवट लिहिण्यात गेलं होतं. सगळ्यांदेखत शेठ आण्णांना म्हणाले, "पाव्हणं, पोरगी तुमची खोटारडी हाय. काम केलंच न्हाई, आन् झालं म्हनती." आण्णांची मान खाली गेली. मला बोलूही दिलं नाही. संध्याकाळच्या एसटीनं आम्ही गावी आलो.

दसरा झाल्यावर मी हट्टानं एकदा परत गेले. इंजिनिअरनं कपाटात टाकून दिलेलं पुस्तक काढून वाचलं. कॅश आपलं काम आधी मेमरीत ठेवून घेते, 'झालं' म्हणते आणि सवडीनं डिस्कवर लिहिते. पेटीत पत्र टाकलं म्हणजे पोचलं, असला कारभार. तेवढ्यात वीज तोडली की मेमरीतलं सगळं साफ. मी शेठसमोर करून दाखवलं. डिस्कवर लिहिणं चालू असेपर्यंत पेटणारा दिवा विझू दिला, तर फाइल जागेवर. सेव्ह करताच बंद केलं, तर गेली.

"आसं हाय व्हय!" शेठ म्हणाले. लगेच भिंतीवर पाटी लागली: दिवा विझल्याशिवाय मशीन बंद करू नये.

"शेठ, हे आण्णांना सांगा," मी म्हणाले.

"आगं, त्यांना काय कळनार त्यातलं? आन् आता दुसरा मानूस ठेवलाय मी."

"खोटारडी हा शब्द त्यांना बरोबर कळला होता की!" मी किंचाळलेच. शेठ चहा मागवायला गेले.

घरी मी आण्णांना सगळं समजावून सांगितलं, मशीन, मेमरी, दिवा. ते एवढंच म्हणाले, "येवढा मोठा मानूस कशाला खोटं बोलंल?"

तुळशीचं लग्न झालं आणि लगेच माझं. शेठ आहेर घेऊन आले. आण्णांनी त्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं, आग्रह करकरून जिलेबी वाढली. माझं वाटोळं करणाऱ्या त्या माणसाच्या तोंडाकडे मी मुंडावळ्यांआडून बघत होते. ते पोटभर जेवले, हात धुतले, आण्णांना रामराम घातला आणि गेले.