अंगचोराचा दाखला

वडील मला अंगचोर म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर, चार माणसांत. कुंडलला आमच्या उसात पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या दंडांचे गोळे व्हायचे आणि मोळी खाली टाकावी लागायची. थोरला भाऊ फौजेत गेला. साताऱ्याच्या भरतीत मी मात्र निम्मं धावून मैदानातच कोसळलो. त्यानंतर वडील माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी सांगलीला आलो आणि हळदीच्या पेठेत जिभेच्या जोरावर उभा राहिलो. भांडलो, पण भावात कुणाला हार गेलो नाही.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. पेठेत तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव. एका सकाळी हमाल आला नाही, म्हणून रागाच्या भरात मीच चार पोती ओढली आणि तसाच सौद्याला बसलो. तीन बोटं धरायची होती. पण माझा पंजा त्याच्या पाचही बोटांवर आवळला तो उघडेचना.

"पाच झालं, शेठ! हाताचा शब्द हाय," समोरचा हळद विकणारा म्हणाला.

हाताचा शब्द फिरत नाही. मी नुसता ओरडत राहिलो. संध्याकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा घाबरून मोठ्या दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी "दुखतं म्हणजे नेमकं कधी?" असं विचारलं. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग एक दिवस त्यांनी कोपराच्या शिरेतून रक्त घेतलं, दंडाला पट्टा आवळून रक्त अडवलं आणि रबरी फुगा दाबत राहायला सांगितलं. मिनिटही झालं नसेल, बोटं वाकडी होऊन अडकली. मी शिव्या घातल्या. पट्टा सोडून त्यांनी पुन्हा पुन्हा रक्त घेतलं.

नमुने पुण्याला गेले. उत्तर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "कष्ट केले की स्नायूंतून एक आम्ल रक्तात वाढतं. तुमचं वाढलंच नाही. स्नायूंतली साठवलेली साखर तुमच्या अंगाला वापरता येत नाही. जन्मापासूनच."

"औषध?"

"नाही. दुखलं की थांबायचं, मग सावकाश सुरू करायचं."

"ते राहू द्या. मला हे मराठीत लिहून द्या. शिक्का मारून."

ते नको म्हणत होते. तासभर हुज्जत घालून मी शिक्का मिळवलाच.

दुसऱ्या दिवशी कुंडलला गेलो. वडिलांनी पडवीत बसून कागद दोनदा वाचला.

"शिक्का बी हाय की! किती बोटांवर ठरला रं ह्या कागदाचा सौदा?"

"आवं आबा, खरं हाय ते! माझा दंड आवळून बांधा, डोळ्यानं बघा!"

"मला पाणी पाजायचं हाय," म्हणत ते खोरं खांद्यावर टाकून निघाले. मी मागून इतका ओरडलो की शेजारची माणसं बाहेर आली. आबांनी वळून पाहिलं नाही.

सांगलीची एसटी गेली होती. मोठ्या रस्त्याकडे तणतणत भराभर चाललो, तशा पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. रस्त्याकडेला बसलो. गावातला एक गाडीवान बैलगाडी घेऊन आला.

"काय रं गड्या, एवढ्यात दमलास व्हय?"

कागद खिशात होता. हात तिकडे गेला आणि परत आला.

"व्हय, दमलो," मी म्हणालो.

"मग बस की गाडीत."

"न्हाई. जा तू. मी थांबत थांबत येतो."