जावेची मुळी

माझी जाऊ गोळ्यांनी मेली असं गावात म्हणतात. ती गप्प बसल्यानं मेली.

तिला साखर निघाली तेव्हा पिरंगुटच्या दवाखान्यात मीच सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दुसरं काही औषध चालू आहे का?" ती ठामपणे म्हणाली, "न्हाई." मला तरी कुठं माहीत होतं? डोंगरावरच्या वाडीतला एक म्हातारा तिला साखरेवर मुळी देत होता. ती रोज सकाळी उगाळून प्यायची. आमच्याकडे मुळी घेणाऱ्यानं ते कुणाला सांगायचं नसतं. सांगितलं की गुण जातो म्हणतात. तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या, मुळीही चालूच. थोड्या दिवसांनी भात लावताना ती चिखलातच खाली बसली. घामानं निथळत होती, हात थरथरत होते, तोंडाला येईल ते बडबडत होती. बाया म्हणाल्या, "वारं आलंय." आम्ही तिला बांधावर बसवलं, अंगारा लावला, "कोण हायेस तू?" म्हणून विचारत राहिलो. ती माझ्याकडे बघत होती, पण मला ओळखत नव्हती. दवाखान्यात नेईपर्यंत संपली. डॉक्टर म्हणाले, साखर पार उतरली होती. मुळी नंतर तिच्या उशाखाली सापडली.

ते डोळे अजून जात नाहीत. भांडी घासताना मान वर केली की समोर असतात.

यंदा मलाही साखर निघाली. सून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर नवे, प्रश्न तोच. सून म्हणाली, "आमच्या आत्याबाई काय बी घेत न्हाईत." कानाशी जाऊ बोलली, "सांगू नगं. गुडघं धरतील."

मी म्हणाले, "मुळी घेतेय, गुडघ्याची. आणि सोमवारी, चतुर्थीला उपास."

"कसली मुळी?"

"देणारा सांगत न्हाई, मी इचारत न्हाई."

"मग आधी ती बंद करा. आणि उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही."

बाहेर आल्यावर सून फणफणली, "मला का न्हाई सांगितलं?"

"गोळ्या लिहून तू देतीस व्हय?"

गुडघे धरलेच. आता भिंतीच्या आधारानं उठते. पहिली गोळी घेतली तेव्हा सुनेला समोर बसवून घेतलं.

"काय होतंय, आत्याबाई?"

"काय न्हाई. मधनंमधनं मला तुझं नाव इचार. चुकले की गाडी बोलव."