चार गाड्या, चार माणसं

टायरच्या दुकानात जुने टायर साचतात, तसे आमच्या गाडीत किस्से साचलेत. टायर निदान भंगारवाला उचलून नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून सांगून मोकळा होतो.

मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला. टायरचं दुकान अक्कलकोटला. शाळा चौथीपर्यंत, पण मिसरूड फुटल्यापासून स्टेअरिंग हातात आहे. रस्त्याचं मला कुणी शिकवू नये.

*

एका सकाळी अक्कलकोट रोडवर पुलाच्या कामापाशी गाड्या तुंबल्या होत्या. माझ्यापुढं तीन कार. प्रत्येकीत एकच माणूस, बाकीच्या सीटा हवा खात होत्या. माझं डोकं फिरलं. उतरलो आणि पहिल्या काचेवर टकटक केली.

"कुटं?"

आत हायस्कूलचे पाटील सर. घाबरून म्हणाले, अक्कलकोट. दुसऱ्या गाडीत सरकारी दवाखान्यातल्या नर्स कांबळे मॅडम. त्याही अक्कलकोट. तिसऱ्या गाडीत कोर्टातला क्लार्क बोल्ली. तोही तिथंच. तिघंही राहायला जुळे सोलापुरात, आणि एकमेकांना ओळखत नव्हते!

"उद्यापासनं माझ्या गाडीत बसायचं. डिझेल वाटून घिऊ," म्हटलं.

मॅडमनी विचारलं, "पण तुम्ही कोण?"

"मागच्या गाडीतला."

दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणं, जुळे सोलापुरातल्या पाण्याच्या टाकीपाशी तिघंही हजर. तेव्हापासून मी त्यांचा अण्णा.

*

माझ्या गाडीत नियम एकच. पुढच्या सीटवर झोपायचं नाही. तिथं बसणाऱ्यानं ड्रायव्हरशी बोलत राहायचं. ट्रकवर होतो तेव्हापासूनची ही पद्धत आहे.

पहिल्याच आठवड्यात पाटील सर पुढं बसले आणि घोरायला लागले. मी गाडी बाजूला घेतली, त्यांना उठवलं आणि मागं पाठवलं. सर म्हणाले, वर्गात मुलं झोपली तर मी असंच करतो. मी म्हटलं, मग मागं बसायची सवय आता तुम्ही करा.

पुढं बोल्ली आला. हा विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, पण मराठीत जी टकळी चालवतो, ती थेट कोर्टाच्या दारातच थांबते. पुढची सीट त्याचीच झाली.

*

एकदा सरांनी मोबाइलवर वाचून सांगितलं की परदेशात हायवेवर वेगळी लेन असते. गाडीत दोन-तीन माणसं असली तरच तिच्यात शिरता येतं. एकट्यानं शिरला की दंड.

"आपल्याकडं केली तर ट्रॅफिक कमी होईल का?" सरांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, लोक साडीच्या दुकानातला पुतळा शेजारी बसवून जातील. बोल्ली म्हणाला, पुतळ्याला सीटबेल्ट नाही म्हणून पोलीस परत पावती फाडेल.

तेवढ्यात पुढं म्हशी आल्या. रस्ताभर. गाडी थांबवली.

"सर," म्हटलं, "आदी ह्यांना लेन समजवा."

*

माणसाच्या सवयी बदलत नाहीत म्हणतात. एका रविवारी सकाळी पाटील सर डबा घेऊन टाकीपाशी उभे. बायको गॅलरीतून हाका मारत होती, अहो, आज सुट्टी आहे!

मी म्हटलं, "सर, सुट्टीच्या दिवशी हितं काय करताय?"

सरांनी माझ्या गाडीकडं पाहिलं. "अण्णा, तुम्ही काय करताय?"

"टाकी बघाय आलतो," म्हटलं. गाडी वळवली.

*

तीन गाड्या घरी राहिल्यानं हायवे मोकळा झाला का, असं लोक मला विचारतात. हायवेचं हायवेला विचारा. पण आमचं बघून जुळे सोलापुरातल्या आणखी लोकांनी जोड्या जमवल्या. टाकीपाशी आता सकाळी माणसं उभी असतात. ती सुरुवात माझ्या टकटकीनं झाली, हे मी सांगणारच.

आणि मग बोल्लीनं नवीन कार घेतली.

पेढे देताना मान खाली. मेव्हण्याचा आग्रह होता, म्हणाला. नवी गाडी दारात ठेवून दुसऱ्याच्या गाडीत बसलो तर घरचे हसतील.

"जा की," म्हटलं. "तुजी गाडी हाय."

तो गेला. पुढची सीट रिकामी पडली. सरांनी दोन दिवस बसून बघितलं, झोप आवरेना, आपणहून मागं गेले. मॅडम मुळातच कमी बोलणाऱ्या. गाडीत नुसता इंजिनाचा आवाज. मला पुढचं दिसत होतं. आज हा गेला, उद्या सर त्यांची कार बाहेर काढतील, मग मॅडम. परत चार गाड्या, चार माणसं. टाकीपाशी हसायला लोक होतेच.

*

पुढच्याच आठवड्यात पुलापाशी परत गाड्या तुंबल्या. बोल्लीची कार आमच्यापुढं थोड्या अंतरावर. बॉनेटवरचा हार अजून तसाच.

कांबळे मॅडम म्हणाल्या, "अण्णा, आलेच." उतरल्या आणि त्याच्या कारमध्ये जाऊन बसल्या. जरा वेळानं सर उतरले. तेही तिकडंच.

रस्ता सुटला. दोघं परत आले नाहीत. मागून हॉर्न वाजायला लागले, मला गाडी काढावी लागली. एवढी मोठी गाडी, आणि आत मी एकटा. काच वर करून घेतली.

वळणावर चहाचं हॉटेल आहे. तिथं चिंचेखाली हारवाली कार उभी, चारी काचा बंद. आणि रस्त्याच्या कडेला तिघं उभे, हात पुढं करून.

मी ब्रेक मारला. काच खाली केली.

बोल्ली वाकून म्हणाला, "अण्णा, अक्कलकोटला जायाचंय. जागा हाय का?"

"एकटाच हायस का?"

"न्हाय. तिगं हाय."

"मग बसा," म्हटलं.