कुंडातला भात

उकळत्या पाण्याला जात कळते का, तुम्हीच सांगा. काडी ओढली की गंधकाचा वास येतो आणि मला वज्रेश्वरीचा तो रविवार आठवतो. आम्ही तिघे मित्र नाशिकहून गरम पाण्याच्या कुंडांवर दोन दिवस मजेत घालवायला गेलो होतो. तिघांतला एक महारवाड्यातला. शिवाशिवीविरुद्धची आमची ही पत्रकं तोच छापतो. तिथे लोक फडक्यात तांदूळ बांधून सर्वांत गरम कुंडात सोडत आणि भात शिजवून घेत. मित्रानेही आपली पुरचुंडी दोरीने पाण्यात सोडली, तोच नाशिकच्याच एका गृहस्थांनी त्याला ओळखलं. "अरे, तू महारवाड्यातला ना? काढ ती! सगळं पाणी बाटवलंस!" मित्राने दोरी सोडली नाही. "काढतो की, काका. पण पाणी बाटलं तर तुमचाही भात बाटला. चला, दोघांचाही शेजारच्या नदीत टाकू." गृहस्थ त्याच कुंडात सोडलेल्या आपल्या पुरचुंडीकडे बघत राहिले. शेजारी पोरं घेऊन बसलेली एक बाई खळखळून हसली, "मी नाय बा टाकायची, माझी पोरं भुकेलीत!" तिने वाफाळता भात पोरांपुढे मोकळा केला. मग एकेकाने आपापली पुरचुंडी काढली आणि सगळे जेवायला बसले. शेवटी काकाही बसले. मित्राने विचारलं, "काका, मीठ देऊ?" आणि काकांनी हात पुढे केला! आमच्या आळीतल्या आडावर मात्र तो मित्र अजून दूरच उभा राहतो. वाचकहो, उद्या सकाळी पाण्याला जाल तेव्हा अशा दूर थांबलेल्या माणसाच्या हाती आधी दोर द्या.